वाळत घालायला जागा हवी : डिस्पोजेबल पॅड सोडतानाचा माझा अनुभव

वापरून फेकायची सॅनिटरी पॅड सोडावीत, हा विचार मला आमच्या सोसायटीच्या कचऱ्यामुळे सुचला. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद करतात, आणि ओला-सुका वेगळा करताना वर्तमानपत्राच्या एखाद्या पुडीत काय आहे हे ती हाताने उघडल्याशिवाय त्यांना कळत नाही. याच शहरातल्या कचरावेचक बायकांनी २०१३ साली वापरलेली पॅड पोत्यांत भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली होती. पुढे २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत अशा कचऱ्याची वेगळी बांधणी करावी आणि त्यासाठी पॅडबरोबर पिशवी द्यावी असे आले, आणि पुण्यात पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीमही झाली. मी तो ठिपका नेमाने काढत असे. त्यामुळे कचरा नेणाऱ्या ताईंचा हात वाचला, पण पुडीतल्या वस्तूचे पुढे काय होणार हा प्रश्न तसाच राहिला, कारण पॅडचा वरचा थर आणि खालचा थर प्लास्टिकचा, आणि मधले शोषक द्रव्य हे पाणी पिऊन जेल होणारे पॉलिमर. हे ना खतात जाते, ना भंगारात.

पहिला पर्याय कापडाचा होता, आणि घरात त्याला पहिला विरोध सासूबाईंचा झाला. त्या साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या आहेत. ‘आम्ही त्यातनं सुटलो आणि तू परत तिथंच निघालीस का?’ असे त्यांनी विचारले, आणि त्यात टोमण्यापेक्षा खरी काळजी जास्त होती. जुन्या लुगड्याच्या घड्या वापरायच्या, त्या पहाटे कुणी उठायच्या आत धुवायच्या, दुष्काळात एका तांब्यात भागवायच्या, गोठ्यामागच्या दोरीवर टाकायच्या आणि पुरुषांची नजर जाऊ नये म्हणून वरून जुने पातळ पसरायचे, असे त्यांचे तरुणपण गेले. पावसाळ्यात त्या घड्या वाळतच नसत आणि ओलसरच पुन्हा वापराव्या लागत. खाज, पुरळ, मांड्या सोलवटणे हे सगळे त्यांनी भोगले होते. मी हे ऐकत असताना मला दिसत होते की या सगळ्या हालात सुती कापडाचा दोष जवळजवळ काहीच नाही. पाणी पुरेसे नव्हते आणि कापडाला ऊन मिळत नव्हते. तेव्हा आपल्याला जमायचे असेल तर पॅड कोणते घ्यायचे याच्या आधी ते कुठे धुवायचे आणि कुठे वाळत घालायचे हे ठरले पाहिजे, हे माझ्या मनात पक्के झाले.

कापडी पॅड म्हणजे नुसती घडी नव्हे. आत सुती फ्लॅनेलचे थर, खालच्या बाजूला पाणी न झिरपू देणारा पातळ थर आणि अंतर्वस्त्राखाली लावायला दोन पंख व बटण अशी त्याची रचना असते. एकेक पॅड दोन-तीनशे रुपयांना पडते, म्हणून मी सुरुवातीला थोडीच घेतली आणि फक्त घरी असताना वापरली. धुण्याची पद्धत चटकन अंगवळणी पडली. पॅड काढल्याबरोबर थंड पाण्यात बुडवायचे, कारण गरम पाण्याने रक्तातली प्रथिने धाग्यात घट्ट बसतात आणि डाग कायमचा होतो. पहिले पाणी लाल निघते, ते ओतून द्यायचे. मग साधा साबण लावून चोळायचे आणि स्वच्छ पाण्यात साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचे. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव मात्र टाळावे, त्याने कापडाची शोषण्याची ताकद जाते. ब्लीचचीही गरज पडत नाही. थोडा फिकट डाग राहिला तर राहू द्यावा, स्वच्छतेशी त्याचा संबंध नाही.

खरे अवघड होते ते दोरीचे. आमच्या सदनिकेची बाल्कनी समोरच्या इमारतीकडे तोंड करून आहे, आणि तिथे भरपूर ऊन येते. मी पहिल्यांदा धुतलेली पॅड चिमटे लावून तिथे टाकली, तेव्हा सासूबाईंनी न बोलता त्यावर टॉवेल पसरला. मी तो काढला. पुन्हा पसरला गेला. शेवटी मी त्यांना म्हणाले, ‘आई, तुम्हाला जो त्रास झाला तो या टॉवेलामुळेच झाला ना?’ त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘मग बाहेरच्या दोरीवर मोजे टाक, आतल्या दोरीवर हे.’ ही तडजोड मला पूर्ण पटलेली नव्हती, पण आतल्या दोरीवरही दुपारचे ऊन येत होते आणि मला भांडण जिंकायचे नव्हते, पॅड वाळवायचे होते. नवऱ्याला मी सरळ सांगितले की कपडे काढताना तीही काढायची आणि घडी करून माझ्या कप्प्यात ठेवायची. त्याने विशेष काही न म्हणता ते सुरू केले, आणि मला वाटते की घरातले वातावरण टॉवेलाच्या चर्चेपेक्षा या एका गोष्टीने जास्त बदलले.

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातही ऊन मिळत नाही. तेव्हा पंख्याखाली जाळीच्या स्टँडवर पॅड पसरावी लागतात आणि त्यांना पूर्ण वाळायला दोन दिवससुद्धा लागतात. मागच्या पाणीरोधक थरामुळे कडक इस्त्री चालत नाही. म्हणून पावसाळ्यासाठी जास्तीची पॅड हाताशी असणे आवश्यक आहे; हात लावल्यावर जरा जरी गार-दमट लागले तरी ते पॅड वापरायचे नाही, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीचे रक्त साठवायला योनीत बसवायचा छोटा लवचीक कप; त्याकडे मी वळले ते एका वैद्यकीय कारणाने. मुलीच्या जन्मानंतर मी कॉपर-टी बसवून घेतली होती आणि तिच्यामुळे पाळीतला रक्तस्राव वाढतो, हे सर्वज्ञात आहे. कापडी पॅड पहिल्या दोन दिवसांत ऑफिसात पुरेनात. कप वापरता येईल का, हे विचारायला मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, आणि प्रत्येक कॉपर-टीवालीने हे विचारावेच असे मी सांगेन. कप आत बसल्यावर त्याच्या कडेभोवती हवाबंद पकड तयार होते. ती न सोडवता कप खाली ओढला तर कॉपर-टीही सरकू शकते. २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात मेन्स्ट्रुअल कपविषयीच्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात अशी कॉपर-टी किंवा तत्सम साधन बाहेर येण्याची काही उदाहरणे नोंदलेली आहेत. डॉक्टरांनी माझ्या कॉपर-टीचे धागे तपासून थोडे आखूड केले, पकड आधी सोडवण्याची पद्धत समजावली आणि दर पाळीनंतर धागे बोटाला लागतात का हे पाहायला सांगितले.

मापाच्या बाबतीत कंपन्यांचे तक्ते बहुधा वय आणि बाळंतपण एवढेच विचारतात. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे पाळीच्या दिवसांत स्वच्छ बोट आत घालून गर्भाशयमुख किती वर आहे हे पाहणे. ते नाकाच्या शेंड्यासारखे टणक लागते. माझे बोट थोडेसे आत जाताच लागले, म्हणजे खाली होते, त्यामुळे तक्त्याने सुचवलेला लांब कप माझ्या कामाचा नव्हता आणि मी आखूड, रुंद असा घेतला. तो वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा आहे. बाजारात बऱ्यापैकी कप साधारण तीनशे ते आठशे रुपयांत मिळतात, आणि नीट सांभाळला तर एक कप कित्येक वर्षे, दहा वर्षांपर्यंतही, चालतो.

आत घालण्याचे शिक्षण भारतीय न्हाणीघरात उकिडवे बसूनच उत्तम होते. कपची एक कड अंगठ्याने आत दाबली की तोंड बारीक होते. या घडीला पंच-डाउन म्हणतात आणि इंग्रजी सी अक्षरासारख्या घडीपेक्षा मला तीच सोयीची वाटली. कप पाण्याने ओला करायचा, श्वास सोडत आत सरकवायचा आणि दिशा वर नव्हे तर पाठीच्या मणक्याच्या खालच्या टोकाकडे ठेवायची. हे शेवटचे मला कोणत्याही माहितीपत्रकातून नीट कळले नव्हते आणि कळल्यावर निम्मा त्रास संपला. आत गेल्यावर तो उघडला की नाही हे कळायला कपच्या बुडाभोवती बोट फिरवायचे. कुठे चुणी लागली तर बूड धरून हलकेच फिरवले की बारीकसा ‘पक्’ असा आवाज जाणवतो आणि तो गोल होतो. काढताना खालचे देठ ओढायचे नसते. देठ फक्त वाट दाखवते. बूड चिमटीत धरून दाबायचे, हवा आत शिरल्याचे जाणवले की मगच कप डावी-उजवीकडे डोलवत खाली आणायचा. माझे देठ बसताना टोचत असे, म्हणून ते मी कात्रीने कापून टाकले. पहिल्या काही पाळ्यांत मी कपबरोबर कापडी पॅडही लावत असे आणि अधूनमधून गळतीही झाली. ‘लॅन्सेट’मधला तो आढावाही सांगतो की सवय व्हायला काही महिने जातात आणि त्यानंतर गळती पॅडइतकी किंवा त्याहून कमी असते.

एक अनपेक्षित फायदा असा झाला की रक्तस्राव मोजता येऊ लागला. बऱ्याच कपांवर मिलिलीटरच्या रेघा असतात. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलीटर रक्त जाते आणि ८०च्या वर गेले तर तो अतिरक्तस्राव समजतात. पॅड ‘भरले’ असे सांगण्याऐवजी मी डॉक्टरांना आकडा सांगू शकले, तेव्हा त्यांनी लगेच हिमोग्लोबिन तपासायला लावले आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. वर्षानुवर्षे ‘थोडे जास्तच जाते’ असे म्हणत राहिलेल्या कितीतरी बायकांना हा आकडा उपयोगी पडेल.

कप प्रत्येक पाळीच्या आधी आणि नंतर पाच ते दहा मिनिटे उकळावा लागतो, आणि इथे स्वयंपाकघराचा प्रश्न आला. ‘गॅसवर नको,’ हे सासूबाईंचे वाक्य मला अपेक्षितच होते. मी त्यावर वाद घातला नाही. एक छोटे स्टीलचे पातेले वेगळे काढले आणि माळ्यावर पडलेली इंडक्शनची शेगडी खोलीत लावली. पाणी भरपूर असावे आणि कप तळाला टेकू नये, नाहीतर सिलिकॉन करपते. उकळल्यावर तो कोरडा करून कापडी पुरचुंडीत ठेवायचा, हवाबंद डब्यात नाही.

ऑफिसच्या स्वच्छतागृहात नळ आणि बेसिन बाहेर आहेत, पण आत पाण्याचा जेट-स्प्रे आहे, आणि आपल्याकडची ही सोय कपसाठी फार मोलाची आहे. एरवी मी कप सकाळी निघताना आणि संध्याकाळी घरी आल्यावर रिकामा करते. तो बारा तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, हे बंधन मात्र कडक पाळते, कारण टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा जंतूंच्या विषामुळे होणारा आजार अतिशय विरळ असला तरी कप वापरणाऱ्यांतही त्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत; अचानक तीव्र ताप, उलट्या, अंगावर पुरळ, चक्कर असे झाले तर कप काढून तातडीने दवाखाना गाठायचा. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद राहणे पुण्यात नवीन नाही, आणि त्या दिवशी कापडी पॅड भिजवून ठेवण्यापेक्षा कप हलका जातो. कप खळबळायला तांब्याभर पाणी पुरते.

हे सगळे पाणी आणि जागा असल्यावरच जमते, म्हणूनच मला हे सरसकट सर्वांनी करावे असे म्हणवत नाही. केरळमध्ये अलप्पुळा शहरात २०१९ साली हजारो कप वाटले गेले आणि २०२२मध्ये कुंबळंगी ही पंचायत सॅनिटरी पॅडमुक्त म्हणून जाहीर झाली. या उपक्रमांचे मला कौतुक आहे. पण चाळीत सामायिक संडास असलेल्या किंवा टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला नुसता कप हातात देऊन पर्यावरणाचे ओझे तिच्यावर टाकणे मला योग्य वाटत नाही. माझ्या कॉलेजात जाणाऱ्या भाचीनेही कप मागितला, तेव्हा तिच्या आईला कौमार्यपटलाची चिंता पडली. डॉक्टरांनी आईला सांगितले की कपमुळे ते पटल ताणले जाऊ शकते आणि त्यावरून मुलीविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. भाचीने सध्या तरी कापडी पॅड पसंत केली आहेत, आणि हॉस्टेलच्या गच्चीवर ती उघड्यावर वाळत घालते. आमच्याकडची आतली दोरी तिला मान्य नाही.

सध्या पहिल्या दोन दिवसांत कप, नंतर कापडी पॅड, आणि एसटीच्या लांबच्या प्रवासासाठी पर्समध्ये दोन बाजारची पॅड, असे माझे चालले आहे. जुन्या कापडी पॅडपैकी काहींचा मागचा थर आता सुटू लागला आहे. पंखांपाशी ओल आली की ते पॅड बाद करायचे. कपही चिकट लागू लागला, पांढुरका झाला किंवा कडेला चीर दिसली की बदलायचा. माझा अजून ठीक आहे. पुढच्या खेपेला कापडी पॅड घेताना मी गडद रंगाची घेणार आहे, कारण डागाबद्दल सासूबाईंची कुरकूर अजून पूर्ण थांबलेली नाही.