सजग स्वप्ने पहाटेकडेच का झुकतात

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे कळणे आणि तरीही झोप न मोडणे, या अनुभवाला सजग स्वप्न किंवा ल्युसिड ड्रीम म्हणतात. ज्यांना तो कधी आलेला नाही त्यांना तो अर्धवट जागेपणाचा प्रकार वाटतो, आणि ज्यांना आला आहे त्यांच्यापैकी काहींना तो आपल्या इच्छाशक्तीचा विजय वाटतो. मला हे दोन्ही समज अपुरे वाटतात. गेली काही वर्षे मी माझ्या स्वप्नांची नोंद ठेवते आणि या विषयावरचे संशोधन मिळेल तसे वाचते. त्यातून माझे मत असे बनले आहे की सजग स्वप्न हे झोपेच्या एका ठरावीक अवस्थेचे अपत्य आहे आणि ते त्या अवस्थेच्या नियमांनीच चालते. म्हणून ज्याला ते हवे आहे त्याने आधी झोपेचा अभ्यास करावा.

झोप एकसारखी नसते. पहिली अवस्था डुलकीची. ती काही मिनिटांतच संपते. दुसरी हलक्या झोपेची. मेंदूच्या विद्युत आलेखात तेव्हा ‘स्लीप स्पिंडल’ नावाचे जलद लहरींचे छोटे झुबके दिसतात, आणि प्रौढांच्या रात्रीचा सर्वांत मोठा भाग हीच अवस्था व्यापते. तिसरी गाढ झोपेची, संथ आणि उंच लहरींची. तिच्यातून उठवलेला माणूस क्षणभर गोंधळलेला असतो. यानंतर येते ती रेम झोप, जिच्यात बंद पापण्यांखाली डोळे झपाट्याने हलतात. असे एक चक्र साधारण ९० मिनिटांचे असते आणि रात्रभरात अशी चार ते सहा चक्रे होतात.

मात्र ही चक्रे सारखी नसतात, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या विषयाचे मर्म इथेच आहे. रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात गाढ झोपेचा वाटा मोठा असतो आणि रेमचा पहिला टप्पा बहुधा काही मिनिटांचाच असतो. रात्र सरत जाते तशी गाढ झोप ओसरते आणि रेमचे टप्पे लांबत जातात. पहाटेचा टप्पा अर्ध्या तासाचा किंवा त्याहूनही मोठा असू शकतो. प्रौढांच्या एकूण झोपेत रेमचा हिस्सा २० ते २५ टक्के असतो, पण त्याचा बराचसा भाग रात्रीच्या उत्तरार्धात येतो. माझ्या नोंदवहीतील सजग स्वप्नेही जवळजवळ सगळी जाग येण्याच्या आधीच्या वेळेतील आहेत. ज्याची झोप गजराने दोन तास आधी तुटते, त्याच्या झोपेचा एक चतुर्थांश जात असेल. रेमच्या हिशेबात त्याचे नुकसान त्याहून पुष्कळ मोठे असते.

रेम झोपेचा शोध तसा अलीकडचा आहे. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली डोळ्यांच्या या हालचालींची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्या वेळी उठवलेली माणसे वारंवार स्वप्ने सांगतात हेही दाखवून दिले. पुढे फ्रान्समध्ये मिशेल जूव्हे यांनी या झोपेतील विसंगतीकडे लक्ष वेधले. मेंदूचा आलेख जागेपणाच्या जवळ जाणारा असतो, आणि त्याच वेळी शरीराचे स्नायू मेंदूच्या खोडाकडून येणाऱ्या संदेशांमुळे जवळजवळ पूर्ण शिथिल झालेले असतात. स्वप्नात आपण धावत असतो तेव्हा पाय अंथरुणावर स्थिर राहतात ते यामुळेच. या शिथिलतेला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत: श्वास चालू ठेवणारा श्वासपटल हा स्नायू, आणि डोळे हलवणारे स्नायू.

सजग स्वप्नाचा पुरावा मिळाला तो या दुसऱ्या अपवादातून. अशा स्वप्नांची वर्णने फार जुनी आहेत. झोपलेल्या माणसाच्या मनात कधी कधी ‘समोर दिसते ते स्वप्नच आहे’ असे काहीतरी सांगत असते, हे ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवले आहे. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक अभ्यासकांना ही कल्पनाच परस्परविरोधी वाटत होती. तत्त्वज्ञ नॉर्मन माल्कम यांनी १९५९ साली असा युक्तिवाद केला की झोपलेला माणूस ‘मी झोपलो आहे’ असा निर्णय करूच शकत नाही. कोणी सकाळी उठून सजग स्वप्न सांगितलेच, तर तो मधल्या एखाद्या जागेपणाच्या क्षणाचा भास असावा, असे म्हणून विषय मिटवता येत असे. केवळ आठवणीवर विसंबून या आक्षेपाला उत्तर देणे शक्य नव्हते. पुरावा झोपेच्या आतून, झोप चालू असतानाच यायला हवा होता.

तो पहिल्यांदा आला एप्रिल १९७५ मध्ये, इंग्लंडमधील हल विद्यापीठात. संशोधक होते कीथ हर्न आणि झोपणारे होते ॲलन वर्स्ली, ज्यांना सजग स्वप्ने वारंवार पडत. स्वप्नात जाणीव झाली की डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे पुन्हा पुन्हा वळवायचे, असा संकेत दोघांनी आधी ठरवला होता. पहाटेच्या रेम झोपेत, स्नायूंची शिथिलता आणि मेंदूच्या लहरी झोपेचीच साक्ष देत असताना, यंत्राच्या कागदावर तो संकेत स्पष्टपणे उमटला. हे काम फारसे कोणाला माहीत नसतानाच स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तीच युक्ती वापरली आणि १९८१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मला हा प्रयोग विज्ञानातील अत्यंत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो, कारण त्यात झोपेचा कोणताही नियम मोडावा लागत नाही. झोपेने स्वतःहून मोकळ्या ठेवलेल्या एका वाटेने निरोप बाहेर आला.

एकदा ही वाट सापडल्यावर स्वप्नाचे मोजमाप शक्य झाले. स्वप्नात मनातल्या मनात दहा सेकंद मोजून आधी आणि नंतर डोळ्यांनी खूण करायला सांगितली, तेव्हा त्याला लागणारा वेळ जागेपणी मोजण्याच्या वेळेइतकाच निघाला. क्षणभराच्या स्वप्नात आयुष्य सरते ही समजूत निदान इथे टिकली नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष मला आणखी विलक्षण वाटतो. हलणाऱ्या वस्तूकडे पाहताना आपले डोळे तिच्यामागून सलग सरकतात, पण ती वस्तू केवळ कल्पनेत आणली तर ते टप्प्याटप्प्याने उड्या मारतात. सजग स्वप्नातील वस्तूचा पाठपुरावा करताना डोळे सलग सरकले. या बाबतीत तरी मेंदूसाठी स्वप्नातील दृश्य हे कल्पनेपेक्षा प्रत्यक्ष पाहण्याच्या अधिक जवळचे असते. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील चार प्रयोगशाळांनी एकत्रितपणे दाखवले की झोपलेल्या माणसाला प्रश्नही विचारता येतो. ‘आठ वजा सहा’ या प्रश्नाला एकाने रेम झोपेतूनच डोळ्यांच्या दोन खुणांनी उत्तर दिले. बहुतेक वेळा उत्तर आलेच नाही हे खरे, पण आलेल्या उत्तरांत बरोबर उत्तरे चुकीच्या उत्तरांपेक्षा कितीतरी अधिक होती.

मग ही अवस्था झोप आणि जागेपण यांची सरमिसळ म्हणावी का? नेहमीच्या रेम झोपेत कपाळामागचा, विचारांची पारख करणारा मेंदूचा भाग मंदावलेला असतो, म्हणूनच स्वप्नातील विसंगती खटकत नाही. २००९ मधील एका प्रयोगात सजग स्वप्नाच्या वेळी याच भागात सुमारे ४० हर्ट्झच्या लहरी वाढल्याचे दिसले आणि ‘संकरित अवस्था’ ही कल्पना पुढे आली. नंतरच्या परीक्षणात मात्र असे दिसले की डोळ्यांच्या सूक्ष्म हालचालीही आलेखावर तशाच लहरींचा आभास निर्माण करतात. दुसरीकडे, सजग स्वप्नांची सुरुवात बहुधा रेमच्या अत्यंत सक्रिय क्षणांत होते, जेव्हा डोळ्यांच्या हालचाली दाट असतात. आणि तेव्हा मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रियाही दबलेली आढळते. माणूस जागेपणाकडे सरकत असता तर ही शिथिलता कमी व्हायला हवी होती. मला हा पुरावा अधिक वजनदार वाटतो: सजग स्वप्न ही पूर्ण रसरशीत रेम झोपच असते.

हे मान्य केले की सरावाच्या पद्धतींमागचे कारण आपोआप उलगडते. पाच-सहा तास झोपून उठायचे, थोडा वेळ जागे राहायचे, नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे आणि ‘पुढच्या स्वप्नात मला हे स्वप्न असल्याचे आठवेल’ असा निश्चय करून पुन्हा झोपायचे, ही पद्धत उपयोगी पडते, कारण ती माणसाला ताज्या स्मृतीसह थेट लांब रेम टप्प्यांच्या तोंडाशी नेऊन सोडते. हाच निश्चय रात्री आडवे होताना केला तर मध्ये गाढ झोपेचे तास येतात. तरीही रोज झोप मोडण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. झोपेची तूट असेल तर शरीर आधी गाढ झोप वसूल करते. मद्य रात्रीच्या पूर्वार्धात रेम दाबते, आणि नैराश्यावरची अनेक औषधेही ती कमी करतात. अर्थात सजग स्वप्नांसाठी म्हणून डॉक्टरांना न विचारता औषधात बदल करणे धोक्याचे आहे. ज्यांना झोपेचा किंवा वास्तवभान सुटण्याचा आजार आहे त्यांनी या वाटेला न जाणेच बरे.

क्वचित दुसऱ्या अवस्थेतील हलक्या झोपेतही सजग स्वप्नाची खूण प्रयोगशाळेत नोंदली गेली आहे, आणि त्यामुळे रेमवाचून ते अशक्य आहे असे म्हणता येत नाही. पण अशा नोंदी इतक्या थोड्या आहेत की सुरुवात करणाऱ्याला मी एकच गोष्ट सुचवीन: सुट्टीच्या दिवशी गजर लावू नये, आणि जाग आल्यावर डोळे मिटलेलेच ठेवून आधी स्वप्न आठवावे.