पेरूचा हंगाम आणि ठकीची मूत्रपिंडे : परसबागेची नोंद

पेरूचा बहर मध्यावर आला आहे. यंदा मात्र परसातील कामांचा क्रम ठकीच्या प्रकृतीवरून ठरतो आहे. आमच्या या वयस्क कुत्रीला मूत्रपिंडाचा जुनाट विकार आहे. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) वाढलेले दिसेपर्यंत मूत्रपिंडांची सुमारे ७५ टक्के कार्यक्षमता गेलेली असते, त्यामुळे उरलेली जपणे एवढेच आता हाती आहे.

पहिला निर्णय द्राक्षवेलीचा घेतला. द्राक्षे व मनुके यांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्याने अपाय होईल, हे आधी सांगता येत नाही. टार्टरिक आम्ल हे त्यामागचे कारण असावे, असे अलीकडे मानले जाते. म्हणून सगळे घड कच्चे असतानाच उतरवले. खतातून एरंडीची पेंडही वगळली, कारण तिच्या वासाने कुत्री माती उकरून ती खातात आणि तिच्यातील रायसिन अत्यंत विषारी असते.

पेरूची प्रगती समाधानकारक आहे. फळे लिंबाएवढी असतानाच त्यांना कागदी पिशव्या बांधल्या. मिथाइल युजेनॉल या नर माश्यांना ओढून घेणाऱ्या रसायनाच्या सापळ्यात फळमाशीचे फक्त नर अडकतात, त्यामुळे केवळ सापळ्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. गळलेली फळे रोज सकाळी ठकीला अंगणात सोडण्यापूर्वी वेचतो. किडक्या फळातील अळी मातीत शिरून कोषात जाते आणि पुढची पिढी तिथूनच निघते, म्हणून हे काम एरवीही टाळण्यासारखे नाही. शिवाय ठकीच्या आहारात मूत्रपिंडांवर ताण आणणाऱ्या फॉस्फरसचे प्रमाण काटेकोरपणे कमी ठेवलेले असताना सडके फळ पोटात जाऊन वांती-जुलाब होणे परवडणारे नाही, कारण अशा रुग्णाच्या शरीरातील पाणी फार लवकर घटते.

पशुवैद्यांनी शिकवल्याप्रमाणे सलाईन आता घरीच त्वचेखाली देतो. पिशवी कोमट पाण्यात ठेवून शरीराच्या तापमानाजवळ आणली आणि खांद्यांमधील सैल कातडी उचलून त्या घडीत सुई घातली, तर ठकी शांत बसते. खांद्यापाशी येणारा फुगवटा काही तासांत जिरतो. पाण्याची भांडी प्रत्येक झाडाखाली ठेवली आहेत, कारण तिला वारंवार तहान लागते आणि ती अडवणे घातक ठरेल.

तिची भूक सुधारली आहे, वजन मात्र अजून वाढलेले नाही. पुढील रक्ततपासणीनंतर आहाराचा पुन्हा विचार करायचा आहे. पेरूची छाटणी शेवटची फळे उतरल्यावर होईल.