डबीवरची चूक आणि साताऱ्याचं दप्तर

२०२४च्या पावसाळ्यात साताऱ्याला जाणाऱ्यांचे सरळ दोन गट होते. एक कासच्या फुलांचा, दुसरा वाघनखांचा. मी दुसऱ्यातला. स्वारगेटहून एसटी पकडली, खंबाटकीत धुकं होतं आणि साताऱ्यात उतरलो तेव्हा अजिंक्यतारा ढगात गडप. संग्रहालय स्टँडच्या जवळच, त्यामुळे रिक्षावाल्यांशी घासाघीस करायचीही वेळ आली नाही.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ही वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिलेली. जुलैपासून ती साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात होती, नंतर ती दुसऱ्या शहरांत फिरायची होती. रांगेत ओल्या छत्र्या, गणवेशातली पोरं, गाड्या करून आलेली अख्खी कुटुंबं. काचेपुढे माणशी जेमतेम काही सेकंद मिळायचे, मागून लगेच ‘चला पुढं, चला पुढं’. पोलादाची पट्टी, बोटं अडकवायला टोकांना दोन कड्या, खाली आत वळलेली नखं. माझ्या पुढे धोतर-टोपीतले एक आजोबा होते. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाले, “एवढंच व्हय?” नातू तिसरी-चौथीतला असेल. तो म्हणाला, “आजोबा, लपवायचं असतंय ते. मोठं करून कसं चालंल?” रांगेत हशा पिकला. मला विचाराल तर त्या दिवसातलं सगळ्यात नेमकं भाष्य तेच.

रांगेत उभ्या उभ्या मी मोबाईलवर लंडनच्या म्युझियमच्या संकेतस्थळावरची या वाघनखांची नोंद वाचत होतो. वाघनखांसोबत एक डबी आहे आणि तिच्यावर इंग्रजीत मजकूर आहे. त्याचा आशय असा: शिवाजीने मुघल सेनापतीला ज्याने मारलं ते हे वाघनख, जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट (म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या मुख्य प्रधानाने ते त्याला दिलं.

आता साताऱ्यातलं शाळकरी पोरही इथे थांबवेल. अफजलखान मुघलांचा कधी होता? तो आदिलशाहीचा, विजापूरचा. बरं, पेशवा हाच मुळात छत्रपतींचा प्रधान. त्याचा आणखी ‘मुख्य प्रधान’ म्हणजे नक्की कोण? ग्रँट डफ साताऱ्यात होता १८१८ ते १८२२. दुसरा बाजीराव जून १८१८मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि त्याची रवानगी बिठूरला झाली. मग दिलं कुणी, कधी, कशाच्या बदल्यात? डबी यातलं काही सांगत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याचा प्रसंग १६५९चा. म्हणजे तिथून ग्रँट डफच्या हातापर्यंत मध्ये जवळजवळ १६० वर्षं आहेत आणि त्या वर्षांचा कागद कुणी दाखवत नाही.

मला खरी गंमत वाटली ती पुढची. म्युझियमने ही चुकीची डबी टाकून दिली नाही. मजकूर जसाच्या तसा नोंदीत ठेवला आणि त्याच नोंदीत लिहिलं की महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, याची खातरजमा करता आलेली नाही. आपल्याकडे एखाद्या उत्साही माणसाने डबी घासूनपुसून लख्ख केली असती आणि वर नवीन पितळी पाटी ठोकली असती. ती चूकही पुरावा आहे. ग्रँट डफच्या घरात ही गोष्ट कशी सांगितली जायची, हे त्या डबीशिवाय दुसरं कोण सांगणार?

हे म्युझियम १८५२चं. १८५७ला साउथ केन्सिंग्टनला गेलं, आजचं नाव मिळालं १८९९ला. ईस्ट इंडिया कंपनीने जमवलेल्या वस्तूंचं वेगळं इंडिया म्युझियम होतं. ते मोडल्यावर १८७९ला त्यातला मोठा वाटा इथे आला, टिपू सुलतानाचा लाकडी वाघही त्यातच. पण वस्तूंइतकंच त्यांनी स्वतःचं दप्तरही सांभाळलं. म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीतलं आवक-जावक रजिस्टरच, फक्त पावणेदोनशे वर्षांचं आणि वाळवी न लागलेलं. म्युझियमशी ज्यांचा संबंध आला त्यांच्या नावाच्या फायली आहेत. कुणी काय देऊ केलं, म्युझियमने काय उत्तर दिलं, सगळा पत्रव्यवहार. १८५०च्या दशकापासून वस्तूंचे आणि इमारतीचे फोटो काढून मोठमोठ्या वह्यांत चिकटवलेले आहेत. २०२५मध्ये पूर्व लंडनमध्ये त्यांनी भलंमोठं भांडार लोकांना खुलं केलं. तिथे आधी मागणी नोंदवली की भांडारातली वस्तू समोर आणून दाखवतात. अभ्यासकच असायला हवं असं नाही, कुणालाही. आपली वस्तू तिकडे का, हा राग मलाही येतो आणि तो रास्तच आहे. पण तो राग कागदांच्या आधाराने मांडायचा तर ते कागदही त्यांनीच जपून ठेवलेत, याला काय म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी रहिमतपूरमार्गे औंध. यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय औंध संस्थानचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ला उभं केलं. राजा स्वतः चित्रकार, त्यामुळे जमवाजमवीला नजर आहे. रविवर्म्याची चित्रं आहेत, लघुचित्रं आहेत, पोथ्या आहेत आणि खटाव तालुक्यात कुणाच्या स्वप्नातही येणार नाही असं इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्प. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभा होतो. गुळगुळीत दगड, नाकीडोळी जवळजवळ नाहीतच, तरी मूल आईला बिलगलेलं कळतं. ते इथवर कसं आलं, कुणी पत्र घातलं, किती पैसे मोजले, पेटी कुठल्या स्टेशनावर उतरली, ही चिठ्ठीचपाटी शिल्पाशेजारी मांडली तर मी पुन्हा तिकीट काढून येईन.

परतताना साताऱ्यात राजवाड्याजवळ कंदी पेढे घेतले आणि पारसनीसांची आठवण झाली. दत्तात्रय बळवंत पारसनीस साताऱ्यातच राहायचे. झाशीच्या राणीचं चरित्र त्यांनी १८९४ला लिहिलं, ‘इतिहाससंग्रह’ मासिक चालवलं आणि आयुष्यभर कागद, चित्रं, नकाशे गोळा केले. वाईजवळच्या मेणवलीतलं नाना फडणविसांचं दप्तरही त्यांच्याकडे आलं. या संग्रहातून साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभं राहिलं. १९२६ला पारसनीस गेले आणि १९३९ला सगळा संग्रह साताऱ्याबाहेर हलवला गेला. आज तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मराठा इतिहास संग्रहालयात आहे. कागद सुखरूप राहिले, तेव्हा तक्रार नाही. पण लंडनहून आलेली वस्तू बघायला साताऱ्यात एवढी रांग लागली, तर साताऱ्याहून गेलेल्या या संग्रहाची निदान यादी आणि पारसनीसांचा एक फोटो त्या रांगेतल्या माणसाला वाटेत दिसायला काय हरकत होती?

डेक्कन कॉलेज येरवड्याला. माझ्या घरून बसने अर्धा तास.