डेबियन १२ वरून १३: मामांचा डेस्कटॉप कुठे कुठे अडला

मामांच्या सांगलीतल्या डीटीपी दुकानातला डेस्कटॉप डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२ वरून १३ व्या आवृत्तीवर गेला आणि बूट (म्हणजे मशीन सुरू होणं), वाय-फाय, ग्राफिक्स असं सगळं एकदमच बंद पडलं. आता मशीन व्यवस्थित चालतंय, एक काम तेवढं बाकी आहे. सविस्तर लिहितोय, कारण अशा वेळी ‘फॉरमॅट मारून टाक’ हा सल्ला चारी बाजूंनी येतो. मामांनाही तो मिळाला होता. फॉरमॅटची काहीएक गरज नव्हती. मशीन नेमकं कुठल्या पायरीवर थांबलंय ते आधी ठरवायचं, आणि ते ठरेपर्यंत पुढच्या कशालाही हात लावायचा नाही. एवढं पथ्य पाळलं की उपाय बहुतेक वेळा छोटाच निघतो.

मशीनची माहिती: एनव्हिडिया जीटीएक्स १०५० कार्ड, आरटीएल ८८२१सीयू चिपचा यूएसबी वाय-फाय डोंगल, आणि डेबियन १० च्या काळात इन्स्टॉलरच्या गाइडेड एलव्हीएमने (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी सोय) केलेलं पार्टिशनिंग, म्हणजे डिस्कचे भाग. तेव्हापासून अपग्रेड करत करतच इथवर आलंय. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल हे सगळं त्यावर इंकस्केप आणि स्क्रायबसमध्ये होतं, त्यामुळे जास्त दिवस बंद ठेवणं परवडणारं नव्हतं.

मामांनी अपग्रेड रात्री लावून दिलं आणि नंतर मशीन बंद केलं. सकाळी, घड्याळ सारखं मागे पडतं म्हणून, मदरबोर्डचा सेल बदलून घेतला. मग पहिल्यांदा चालू केलं. सेलची ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

पॅनिक

ग्रब (कुठला कर्नल सुरू करायचा ते विचारणारा बूट मेनू) आला, कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१२ सुरू झाला आणि दोन सेकंदांत काळ्या पडद्यावर ओळ: ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. डिस्क गेली की काय, असं वाटायला लावणारी ही ओळ आहे. पण त्यातल्या कंसाकडे नीट बघा. ०,० म्हणजे कर्नलला रूट (मुख्य फाइल सिस्टिम) असलेलं ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे डिस्कसारखं साठवणीचं साधन, सापडलेलंच नाही. डिस्क खराब असती तर सहसा आधी इनपुट-आउटपुट एररची रांग लागते. इथे डिस्कपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं.

रीस्टार्ट करून ग्रबमध्ये त्या नोंदीवर ‘ई’ दाबलं. ‘लिनक्स’ने सुरू होणारी ओळ होती, तिच्याखाली इनिटरॅमएफएस ही फाइल चढवणारी ‘इनिटआरडी’ची ओळच नव्हती. निदान तिथेच झालं. डिस्कचा ड्रायव्हर आणि एलव्हीएम उघडायची साधनं ज्या इनिटरॅमएफएसमध्ये असतात ती फाइल तयारच झालेली नाही, मग कर्नल रूट माउंट करणार कुठून?

ग्रबच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना ६.१ कर्नल निवडला, मशीन उठलं. जुना कर्नल का जपायचा त्याचं उत्तर हे असं. पडद्यावरची अक्षरं अवाढव्य दिसत होती आणि वाय-फाय गायब होतं. ते नोंदवून बाजूला ठेवलं.

व्हीएआर/लॉग/एपीटी मधली टर्म.लॉग फाइल (पॅकेज बसवतानाच्या संदेशांची नोंद) उघडली. त्यात शेवटाकडे दोन तक्रारी होत्या. एक: इनिटरॅमएफएस लिहिताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. दोन: डीकेएमएसचा (बाहेरचे ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी बांधणारं साधन) बिल्ड फसलेला. डीएफ -एच या मोकळी जागा दाखवणाऱ्या कमांडने बूट पार्टिशन (कर्नल आणि इनिटरॅमएफएस ठेवायचा डिस्कचा भाग) बघितलं, अडीचशे एमबीच्या आतलं, आणि काठोकाठ भरलेलं. डेबियन १३ च्या रिलीज नोट्समध्ये हे स्पष्ट लिहिलंय: डेबियन १० किंवा त्याआधी बसवलेल्या सिस्टिमवर स्वतंत्र बूट पार्टिशन असेल तर ते किमान ७६८ एमबीचं हवं आणि त्यात साधारण ३०० एमबी मोकळे हवेत. कर्नल आणि फर्मवेअरचा (हार्डवेअरमध्ये भरायच्या छोट्या प्रोग्रॅमचा) आकार गेल्या काही आवृत्त्यांत बराच वाढलाय.

तात्पुरती सोय अशी केली. यूनेम -आर ने चालू कर्नल कुठला ते बघितलं, तो सोडून बाकीचे जुने ६.१ चे कर्नल पर्ज केले, म्हणजे पूर्ण काढून टाकले. मग इनिटरॅमएफएस.कॉन्फमध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’ होतं त्याचं ‘मॉड्यूल्स=डेप’ केलं. मोस्टमध्ये बहुतेक सगळ्या डिस्क कंट्रोलरचे ड्रायव्हर भरले जातात, डेपमध्ये फक्त या मशीनला लागणारे. फाइल निम्म्याहून लहान झाली. एक सावधगिरी: डेप असताना डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर ती बूट होईलच असं नाही. दुकानातल्या एका जागच्या डेस्कटॉपला ते चालतं, पण पेनड्राइव्हवर किंवा पोर्टेबल एसएसडीवर लिनक्स वापरणाऱ्यांनी मोस्टच ठेवावं.

डीकेएमएस

जागा झाली, म्हणून डीपीकेजीला (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) अर्धवट राहिलेलं कॉन्फिगर करायला सांगितलं. कर्नलचं पॅकेज पार पडलं, हेडर्सवर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स) अडलं. वाय-फायचा ड्रायव्हर पूर्वी गिटवरून आणून डीकेएमएसमध्ये घातलेला होता. त्याचा जुना सोर्स ६.१२ वर कंपाइल होईना, आणि त्याच्या पायी हेडर्सचं पॅकेज लटकलं.

इथे बहुतेक जण त्याच ड्रायव्हरची नवी आवृत्ती शोधायला धावतात. त्याआधी एक प्रश्न विचारावा: हा ड्रायव्हर बाहेरून का आणावा लागला होता, आणि ते कारण अजून आहे का? ६.१ कर्नलमध्ये या चिपच्या यूएसबी प्रकाराला आधार नव्हता. कर्नल ६.२ पासून आरटीडब्ल्यू८८ या कर्नलच्याच ड्रायव्हरमध्ये यूएसबीचा आधार आला, ८८२१सीयू त्यात आहे. म्हणजे ६.१२ वर बाहेरचा ड्रायव्हर हवाच कशाला?

डीकेएमएस रिमूव्ह, सोबत ‘ऑल’. मग मॉडप्रोब.डी फोल्डर तपासला, कारण असे बाहेरचे ड्रायव्हर स्वतःची वाट मोकळी करायला कर्नलच्या ड्रायव्हरला ब्लॅकलिस्ट करून, म्हणजे चढूच नये अशी सूचना देऊन ठेवतात. अपेक्षेप्रमाणे तशी ओळ सापडली, ती फाइल उडवली. फर्मवेअर-रिअलटेक पॅकेज आहे ना ते बघितलं. ते नॉन-फ्री-फर्मवेअर विभागात असतं, आणि हा विभाग डेबियन १२ पासून वेगळा झालाय, तेव्हा जुन्या सोर्स यादीत तो आहे का हे तपासायचं. इंटरनेटसाठी एवढा वेळ फोनचं यूएसबी टेदरिंग वापरलं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

डीपीकेजी शेवटपर्यंत गेलं. अपडेट-ग्रब चालवून पुन्हा ‘ई’ दाबून बघितलं: इनिटआरडीची ओळ हजर. ६.१२ सरळ उठला, वाय-फाय आपसूक जोडलं गेलं. काहीही न बसवता, फक्त काढून टाकून मिळालेला हा विजय मला सगळ्यात जास्त आवडला.

ग्राफिक्स

अक्षरं अजून अवाढव्य, माउस ओढल्यासारखा. जीएलएक्सइन्फोमध्ये रेंडरर ‘एलएलव्हीएमपाइप’, म्हणजे ग्राफिक्सचं सगळं ओझं सीपीयूवर. डीकेएमएस स्टेटसमध्ये मात्र एनव्हिडियाचं ५५० मालिकेतलं मॉड्यूल (कर्नलमध्ये चढणारा ड्रायव्हर) ६.१२ साठी ‘इन्स्टॉल्ड’. मॉड्यूल आहे, पण चढत नाही. मॉडप्रोबने हाताने चढवून बघितलं: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’.

आता आधी बाजूला ठेवलेली नोंद कामी आली. जुन्या ६.१ वरही अक्षरं अशीच होती आणि वाय-फायही नव्हतं. त्या कर्नलवर दोन्ही ड्रायव्हर कर्नलबाहेरचे, आणि दोन्ही कालपर्यंत तिथे चालत होते. जुना कर्नल बदललेला नाही, मग बदललं काय? मोकयूटिल --एसबी-स्टेट चालवलं: सिक्युअर बूट एनेबल्ड, म्हणजे ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल चढूच दिलं जात नाही. सेल काढल्यावर बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर गेल्या होत्या आणि या बोर्डावर सिक्युअर बूट मुळात चालू असतं. या तिसऱ्या अडचणीचा अपग्रेडशी संबंधच नव्हता.

बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हा एक मार्ग. पण पुढच्या वेळी सेल संपला की पुन्हा तेच. म्हणून किल्ली नोंदवली. डीकेएमएस मॉड्यूलवर स्वतः तयार केलेल्या किल्लीने सही करतंच, फक्त ती किल्ली बूटच्या वेळी सही तपासणाऱ्याच्या ओळखीची नसते. मोकयूटिल --इम्पोर्ट, पुढे डीकेएमएसच्या फोल्डरमधली मोक.पब फाइल. एक पासवर्ड ठरवायचा. रीबूट केल्यावर निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘यस’ आणि तोच पासवर्ड. त्या पडद्यावर इंग्रजी यूएस कीबोर्डच असतो, त्यामुळे पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा ठेवा. हा पडदा थोडा वेळच थांबतो, मशीनसमोर बसूनच हे करायचं.

पुढच्या बूटला पूर्ण रिझोल्यूशन, जीएलएक्सइन्फोत कार्डाचं नाव. मामांनी लगेच अडकलेली पत्रिका उघडली आणि छापायला पाठवली.

बाकी काम

बूट पार्टिशन अजून लहानच आहे. एलव्हीएमवर एन्क्रिप्शन नाही आणि ग्रबला एलव्हीएम वाचता येतं, म्हणून बूट फोल्डर रूटमध्येच हलवणार आहे: मजकूर कॉपी, एफएसटॅबमधली (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) ओळ बंद, ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब. जुनं पार्टिशन दोन-तीन कर्नल अपडेट नीट पार पडेपर्यंत तसंच ठेवीन. शिवाय १०५० हे पास्कल पिढीचं कार्ड आहे. एनव्हिडियाची खुली कर्नल मॉड्यूल्स ट्युरिंग या नंतरच्या पिढीपासून पुढच्याच कार्डांना चालतात, आणि पास्कलला आधार देणारी शेवटची मालिका ५८०. डेबियन १३ वर ५५० असल्यामुळे आत्ता घाई नाही, पण या कार्डावर नूवो (कर्नलमधलाच खुला ड्रायव्हर) कितपत चालतो ते एका रविवारी वेगळ्या डिस्कवर तपासून बघणार आहे.