पाण्याची खोली कुठून मोजली?

रत्नागिरीजवळच्या एका 50 मीटर पोहण्याच्या तलावाच्या टाइल्स बदलून झाल्या होत्या. मे संपत आलेला, विहीर तळाला गेलेली. तरी मृगाआधी तलाव भरायलाच हवा होता. जांभ्यात पावसाचं पाणी भराभर चढतं आणि रिकामा तलाव खालून उचलला जाऊ शकतो. विहीर देईल तेवढं घ्यायचं, बाकी टँकर.

"साहेब, टँकर किती सांगू?" ऑपरेटरने विचारलं.

फाइलमध्ये आकडा होता 1942 घनमीटर. उथळ टोक 1.35 मीटर, खोल टोक 2.35, सरासरी 1.85, गुणिले लांबी 50, गुणिले रुंदी 21. इतका सरळ हिशोब दिसला की मी आधी टेप काढतो.

पाणी स्किमरच्या, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खाचेच्या, तोंडाच्या मध्यावर राहतं, म्हणून तिथे लाइनदोरी ताणली. ताणली ती रुंदीने, कारण लांबीने ताणली की झोळ पडतो आणि खोली कमी भरते. दर 5 मीटरला दोरीपासून तळापर्यंत माप घेतलं. उथळ टोक निघालं 1.20, खोल 2.20. फाइलवाल्याने काठावरून मोजलं होतं आणि पाणी काठाखाली 15 सेंटिमीटर. म्हणजे 157 घनमीटर नुसती हवा.

दुसरी चूक सरासरीची. तळ एकसारखा उतरत नव्हता: पहिल्या 30 मीटरात 1.20 वरून 1.50, पुढच्या 10 मीटरात थेट 2.20, मग शेवटचे 10 सपाट. तुकड्यांनी लांबीच्या उभ्या छेदाचं क्षेत्रफळ काढलं: 40.5 + 18.5 + 22 = 81 चौरस मीटर. गुणिले 21, म्हणजे 1701 घनमीटर. पडताळा सोपा: वरच्या 1.20 मीटरचा सरळ खोका 1260, त्याखालचं 441.

फरक 241 घनमीटरचा. 10,000 लिटरचे 24 टँकर, तेही मे महिन्यात! टचपॅडसाठी (शर्यतीची वेळ नोंदवणाऱ्या भिंतीवरच्या पट्ट्यांसाठी) लांबी 2 सेंटिमीटर जास्त ठेवलेली असते, पण त्याने जेमतेम 700 लिटर वाढतात. ते सोडून दिलं. पाणी उथळ टोकाच्या तळापर्यंत पोचल्यावर एका टँकरने पातळी साडेनऊ मिलिमीटर चढायला हवी, एवढं ऑपरेटरला भिंतीवर खुणा करून दिलं.

टँकरपेक्षा मोठी गोष्ट नंतर लक्षात आली. स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे शर्यतीत उडी मारायचे चौथरे, असतील त्या टोकाला भिंतीपासून 1 ते 6 मीटरपर्यंत किमान 1.35 मीटर पाणी लागतं. फाइलच्या आकड्यावर विसंबून उथळ टोकाला ब्लॉकचे बोल्ट बसवायचं ठरलेलं. तिथे 6 मीटरवरही पाणी 1.26 च होतं. ड्रिल मशीन आणून ठेवलं होतं, ते परत पाठवलं.