दक्षिण आफ्रिका, दोघं, एकवीस दिवस: केपटाउन ते क्रूगर

या सहलीत पहिला घोळ महिन्याचा होतो. केपटाउनचा हंगाम उन्हाळ्यातला, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. तिथला पाऊस जून ते ऑगस्टच्या थंडीत पडतो. क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचं बरोबर उलटं. पाऊस उन्हाळ्यात, आणि जनावरं नीट दिसतात ती हिवाळा सरता सरता, गवत वाळून खाली बसल्यावर आणि पाणवठे मोजकेच उरल्यावर. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर केप छान मिळतं, पण क्रूगरमध्ये पहिल्या सरींनी झाडोरा हिरवा व्हायला लागलेला असतो आणि दहा फुटांवरचा सिंहही दिसत नाही. दोन्ही साधायचं तर सप्टेंबर. केपमध्ये एखाददोन दिवस पावसात जातील, पण किनाऱ्यावरच्या हर्मानसला देवमासे असतात आणि क्रूगर कोरडं ठणठणीत असतं. सप्टेंबरच्या शेवटी तिथल्या शाळांना सुट्टी लागते, त्याआधी क्रूगर उरकेल असं बघा.

मुक्काम असे: केपटाउन पाच रात्री, हर्मानस दोन, औट्सहूर्न एक, नाय्सना दोन, स्टॉर्म्स रिव्हरच्या मुखाशी एक, अ‍ॅडो (हत्तींचं राष्ट्रीय उद्यान) दोन, क्रूगर पाच, जोहान्सबर्ग दोन. तिकीट एकच काढायचं, पण जाताना केपटाउनला उतरायचं आणि परत जोहान्सबर्गहून निघायचं. नाहीतर एक अख्खा दिवस आणि एक विमानभाडं उलट यायलाच जातं. आरक्षण मात्र शेवटाकडून सुरू करा. क्रूगरचे सरकारी कॅम्प जवळजवळ वर्षभर आधी खुले होतात आणि लोअर साबी कॅम्पच्या नदीकाठच्या खोल्या आधी संपतात. ते हातात आले की मग विमान.

मुंबईहून थेट विमान नाही. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे स्वस्त पडतं, पण तिथे पीतज्वराच्या लसीचा प्रश्न येतो. थांबा बारा तासांपेक्षा जास्त असेल तर दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते, आणि परत येताना आपल्या विमानतळावर दाखला नसल्यास सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर ही कटकट नाही. व्हिसासाठी पासपोर्टात दोन कोरी पानं लागतात.

गाडी स्वतः चालवायची. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, रस्ते उत्तम. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या आणि मूळ परवानाही जवळ ठेवा. गाडीची अनामत क्रेडिट कार्डावर अडकवतात, आणि ते कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं लागतं. डेबिट कार्ड बऱ्याच काउंटरवर नाकारतात. बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचा परवाना हेही चालत नाही. विम्यात टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग धरलाय का ते वाचा. खडीचा रस्ता लागला की नेमकं तेच फुटतं. दोन वेगळ्या गाड्या घ्या: एक केपटाउन ते गेबेखा (जुनं पोर्ट एलिझाबेथ), दुसरी क्रूगरजवळच्या नेलस्प्रेट विमानतळावर.

रस्त्यावरच्या चालीरीती आधी माहीत असल्या की बरं. सिग्नलला तिथे ‘रोबोट’ म्हणतात. चार बाजूंनी ‘स्टॉप’ असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी जातो, आणि हे खरंच पाळतात. जायला-यायला एकेकच लेन असलेल्या महामार्गावर मागून वेगाने गाडी आली तर पुढचा माणूस पिवळ्या रेषेपलीकडे सरकून वाट देतो. ओलांडणारा दोनदा धोक्याचे दिवे लुकलुकवून आभार मानतो, मागचा हेडलाइट मारून पोचपावती देतो. पेट्रोल पंपावरचा माणूस काच पुसतो, हवा बघतो. त्याला पाच-दहा रँड द्यायची पद्धत आहे. पार्किंगमध्ये गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्यालाही तेवढेच. एक रँड साधारण पाच रुपयांचा धरा.

चोरीचा एक प्रकार खास लक्षात ठेवा. मॉलच्या पार्किंगमध्ये रिमोटचा सिग्नल अडवणारे लोक असतात. तुम्ही बटण दाबून निघून जाता, गाडी उघडीच राहते आणि परत आल्यावर काच न फुटताही बॅगा गायब. दर वेळी हँडल ओढून बघा, आणि सामान डिकीत घालायचं ते पोचल्यावर नाही, निघतानाच. एटीएमपाशी कोणी मदतीला आलं की कार्ड काढून चालू लागा. अंधार पडल्यावर गावाबाहेर गाडी चालवायची नाही. लुटारूंपेक्षा रस्त्यावरची गुरं आणि पायी चालणारी माणसंच जास्त धोक्याची.

केपटाउनमध्ये दिवसांना नावं देऊ नका. टेबल माउंटन (१०८६ मीटर) आणि रॉबेन बेट दोन्ही वाऱ्याच्या मर्जीवर. वारा वाढला की केबल कार बंद, समुद्र खवळला की बोट रद्द. मंडेला सत्तावीसपैकी अठरा वर्षं ज्या बेटावर तुरुंगात होते त्याची बोट आधी आरक्षित करावीच लागते, म्हणून ती दुसऱ्या दिवशी ठेवा. रद्द झाली तर पुढे जागा उरते. डोंगराला मात्र पहिला स्वच्छ दिवस दिसेल तेव्हा लगेच, सकाळीच. दुपारी वरून ढग पसरतो. खालून तो टेबलक्लॉथ सुंदर दिसतो, वर असाल तर हाताचा पंजा दिसत नाही.

द्वीपकल्पाची फेरी उलट्या दिशेने करा. बहुतेक टूरवाले सकाळी हाउट बेवरून चॅपमन्स पीकच्या रस्त्याने खाली जातात. तुम्ही आधी सायमन्स टाउन, मग केप पॉइंट, आणि परतताना नूर्डहूककडून चॅपमन्स पीक. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, म्हणजे समोरची लेन न ओलांडता प्रत्येक कठड्याशी थांबता येतं, आणि सूर्यास्तही तिथेच मिळतो. नऊ किलोमीटरचा हा रस्ता दरडींमुळे अधूनमधून बंद असतो, निघण्याआधी तपासा. सायमन्स टाउनला बोल्डर्सच्या किनाऱ्यावर पेंग्विन आहेत, गाढवासारखे ओरडणारे. सकाळी लवकर जा, आणि गाडी काढण्याआधी खाली वाकून बघा. तशी पाटीच लावलेली आहे, कारण पेंग्विन चाकांच्या सावलीत येऊन बसतात. हा पक्षी २०२४ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. केप पॉइंटला खायचं काही हातात धरून गाडीबाहेर उभं राहू नका. बबून माकडं दार उघडून आत शिरतात. आणि हो, आफ्रिकेचं दक्षिण टोक हे नव्हे, ते पूर्वेकडचं अगुल्हास.

शाकाहाऱ्यांचं शहरांत काही अडत नाही. केपटाउनमध्ये रायगड-रत्नागिरीहून गेलेल्या कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, त्यामुळे भारतीय मसाले आणि डाळी सहज मिळतात. पुढच्या प्रवासाची खरेदी तिथेच करा.

हर्मानसला गॉर्डन्स बेवरून आर४४ या समुद्राकाठच्या रस्त्याने जा, एन२ने नाही. तिथल्या कड्यावरच्या पायवाटेवरून देवमासे दिसतात, कधी किनाऱ्यापासून शंभर मीटरच्या आत. फवारा इंग्रजी व्हीच्या आकारात दोन बाजूंना उडाला तर तो सदर्न राइट जातीचा देवमासा. सप्टेंबरात पिल्लं बरोबर असतात. बोटीचे पैसे वाचवा, असं आमचं मत; किनाऱ्यावरून वेळ भरपूर मिळतो आणि पोटात ढवळत नाही. ८×४२ची दुर्बीण मात्र हवीच, तीच पुढे क्रूगरमध्ये लागते.

औट्सहूर्नपर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, पण आर६२वरून दिवस छान जातो. कांगो गुहांच्या दोन फेऱ्या असतात. साहसी फेरीतल्या काही फटी तीस सेंटिमीटरपेक्षा अरुंद आहेत, तेव्हा कंबर मोजून तिकीट काढा. तिथून किनाऱ्यावर उतरताना वाट थोडी वाकडी करून मॉसेल बे घ्या. १४८८ साली बार्तोलोमेउ दियास इथे उतरला, १४९७मध्ये वास्को द गामा इथे पाणी भरून पुढे निघाला आणि वर्षभरात कालिकतला पोचला. गोव्याच्या इतिहासाचं एक टोक या छोट्या खाडीत आहे. नाय्सना आणि प्लेटनबर्ग बे गोड आहेत, पण वेळ द्यायचा तर रॉबर्गच्या भूशिराला. पूर्ण फेरी नऊ किलोमीटरची, खाली सीलांची वसाहत, वाळूत पाय रुततात. भरती-ओहोटीची वेळ फाटकावर विचारून घ्या.

अ‍ॅडोत १९३१ साली अकरा हत्ती उरले होते, आता सहाशेच्या वर आहेत. इथे मलेरिया नाही. संत्री-मोसंबी आत न्यायला बंदी आहे: पूर्वी हत्तींना संत्री घालत, त्यांना चटक लागली आणि ते गाड्यांपाशी यायला लागले. रस्त्यावरचं हत्तीचं शेण चाकाखाली घेऊ नका. त्यात न उडणारे शेणकिडे असतात आणि रस्त्यावर पहिला हक्क त्यांचा.

क्रूगरला गेबेखाहून जोहान्सबर्गमार्गे विमानाने. इथे मुक्काम पक्के हवेत: लोअर साबी दोन, सतारा दोन, शेवटची रात्र स्कुकुझा. परदेशी माणसाला दिवसाला पाचशे रँडच्या वर संवर्धन शुल्क आहे. केप पॉइंट, बोल्डर्स, स्टॉर्म्स रिव्हर, अ‍ॅडो आणि क्रूगर धरून दोघांचं वाइल्ड कार्ड (उद्यानांच्या प्रवेशाचा वार्षिक पास) परवडतं का, हा हिशेब घरीच करून निघा. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. काही गोळ्या परतल्यावर सात दिवस घ्यायच्या असतात, तर डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. मधेच सोडणं ही नेहमीची चूक.

वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ५०, खडीवर ४०. प्रत्यक्षात पंचवीसनेच चालवा, म्हणजे लोअर साबी ते सतारा हे त्र्याण्णव किलोमीटर अख्खा दिवस खातात. कॅम्पची फाटकं महिन्यानुसार ठरलेल्या वेळी बंद होतात आणि उशिराला दंड आहे. दुपारी परतीचं अंतर वजा करूनच पुढे जा. पहाटे फाटक उघडताना रांगेत असणं सगळ्यात मोलाचं. साबी नदीकाठचा एच४-१ हा रस्ता बिबट्यासाठी, साताऱ्याशी नातं नसलेल्या सताराजवळचा एस१०० सिंहांसाठी. झुडपाकडे नाही, झुडपाच्या आरपार बघायचं. इंपाला हरणांचा कळप चरणं सोडून एकाच दिशेला टक लावून उभा असेल तर इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबा. फाटक बंद झाल्यावर जंगलात जायचा मार्ग एकच, उद्यानाची उघडी गाडी. सप्टेंबरातही पहाटे तिच्यात दात वाजतात, जाकीट न्या.

हत्तीच्या गालावर डोळ्यामागून ओला ओघळ आणि मागच्या पायांवर लघवीची धार दिसली तर तो माजावर आहे. इंजिन चालू ठेवा, मागे जायला जागा सोडा, पन्नास मीटरच्या आत जाऊ नका. अपघात होतात ते बहुतेक दोन्ही बाजूंनी गाड्या लावून त्याची वाट अडवल्यामुळे.

खोलीबाहेरच्या व्हरांड्यात फ्रिज असतो, त्याला जाळीचं दार किंवा कडी. ती प्रत्येक वेळी लावा. वर्वेट माकडं तुम्ही आंघोळीला गेल्याचं बरोबर ओळखतात. सॉकेटमध्ये आपल्याकडचा गीझरचा मोठा तीन पिनांचा १६ अँपिअरचा प्लग जातो, मोबाइलचा छोटा तीन पिनी नाही. घरून सोळा अँपिअर प्लग लावलेली एक एक्स्टेन्शन बोर्डाची वायर न्या, दोघांचे सगळे चार्जर एकदम लागतात.

जोहान्सबर्गला गाडी नको. विमानतळावरून गाउट्रेन ही जलद रेल्वे सँडटन या उपनगरात पाव तासात पोचते. वेळ एकाच जागेपुरता असेल तर कॉन्स्टिट्यूशन हिलचा जुना तुरुंग: गांधी आणि मंडेला दोघंही इथे कैदेत होते, आणि आज त्याच आवारात देशाचं संविधान न्यायालय भरतं. परतीच्या दिवशी कर परतावा हवा असेल तर वस्तू आणि बिलं बॅग देण्याआधी कस्टमला दाखवा. बॅग एकदा पट्ट्यावर गेली की शिक्का मिळत नाही.