जपानमधला घाटरस्ता आणि मुंबईत अडकलेला परवाना

जपानमध्ये स्वतः गाडी चालवण्याचा विचार असेल, तर विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी आपल्या लायसन्सचा क्रमांक वाहन परवान्यांच्या 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर टाकून आपली नोंद तेथे दिसते की नाही, हे आधी पाहावे. नुसते भारतीय लायसन्स तिथे चालत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना सोबत लागतो आणि नोंद ऑनलाइन दिसत नसेल, तर त्या परवान्याचा अर्जच पुढे सरकत नाही.

माझे लायसन्स 'सारथी' येण्याच्या आधीचे, लग्नापूर्वी गावी असताना काढलेले होते. मुदत शिल्लक होती, कार्डावर शिक्का होता, मुंबईत मी याच लायसन्सवर इतकी वर्षे गाडी चालवत आले होते. येथील परिवहन कार्यालयात मात्र खिडकीवरील कर्मचाऱ्याने स्क्रीनकडे पाहून सांगितले, "मॅडम, तुमचं रेकॉर्डच येत नाही. मूळ ऑफिसमधून बॅकलॉग करून आणा." जुन्या रजिस्टरमधील नोंद संगणकावर चढवण्याच्या कामाला तेथे बॅकलॉग म्हणतात. मी मूळ कार्यालयात फोन केला, तेव्हा उत्तर मिळाले, "ताई, तुम्ही आता मुंबईत राहता ना? मग तिकडंच करून घ्या." मुंबईच्या खिडकीवर हे सांगितले, तर पुन्हा पहिलेच वाक्य ऐकावे लागले. लायसन्स देणारे सरकार, रजिस्टर सांभाळणारे सरकार, संगणक बसवणारेही सरकार, आणि या दोन टेबलांमधील निरोप पोहोचवण्याचे काम मात्र नागरिकाने रजा टाकून करायचे, याचा राग मला आजही येतो. दोन्ही कार्यालयांतील कर्मचारी माझ्याशी सभ्यपणे बोलले, पण त्या सभ्यपणाने काम तसूभरही हलले नाही, कारण माझे म्हणणे कोणाच्याही फाईलमध्ये कागदावर आलेले नव्हते.

शेवटी उपयोगी पडला तो साधा लेखी अर्ज. लायसन्सच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, आधारची प्रत, जुना क्रमांक, लायसन्स दिल्याची तारीख आणि 'या नोंदीअभावी आंतरराष्ट्रीय परवाना अडला आहे' असे एक स्पष्ट वाक्य, एवढाच मजकूर मी लिहिला. गावी राहणाऱ्या धाकट्या भावाने तो मूळ कार्यालयाच्या आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. ती पोच दाखवल्यानंतर, जे रजिस्टर सापडत नाही असे आम्हाला सांगितले जात होते, ते बाहेर आले आणि नोंद चढली. कार्यालयाबाहेरील एजंट हे काम पैसे घेऊन करून देण्यास तयार होते. मी त्यांना नकार दिला आणि त्याचे मला समाधान आहे. इंटरनेटवर 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' म्हणून विकली जाणारी कार्डेही घेऊ नयेत, ती जपानमध्ये चालत नाहीत. नोंद दिसू लागल्यावर फॉर्म ४-ए, पासपोर्ट, व्हिसाची प्रत आणि १,००० रुपये शुल्क, इतक्यावर परवाना हाती आला.

जपानमधील नागानो स्थानकाजवळ भाड्याने गाडी घेताना तेथील कर्मचाऱ्यांनी पासपोर्ट, लायसन्स आणि परवाना हे तिन्ही कागद तपासले आणि किल्ली दिली. जपानमध्येही वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे पहिली भीती लवकर गेली. राष्ट्रीय महामार्ग २९२ युदानाका गावानंतर वळणे घेत शिगा कोगेनच्या पठारावर चढतो. १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकमधील काही स्पर्धा येथेच झाल्या. पुढे नागानो आणि गुन्मा प्रांतांच्या सीमेवर शिबू खिंड आहे. तिथला २,१७२ मीटरचा माथा हा जपानच्या राष्ट्रीय महामार्गांवरील सर्वांत उंच बिंदू आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे गाडीत बसून आपण कळसूबाईच्या पाचशे मीटरहून अधिक वर पोहोचतो. त्या माथ्यावर उतरून चहुकडच्या डोंगररांगा पाहताना सगळे खेटे घालणे सार्थकी लागले, असे मला मनापासून वाटले.

गुन्मा प्रांतातील कुसात्सू गावाच्या बाजूला उतरताना रस्ता जागृत ज्वालामुखीच्या अंगावरून जातो. एका टप्प्यावर विषारी वायूमुळे थांबण्यास मनाई आहे, तिथे काचा वर करून सरळ पुढे जावे. जानेवारी २०१८ मध्ये या डोंगररांगेत उद्रेक झाला होता, म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी रस्ता खुला आहे ना, याची खात्री करावी. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत हा घाट बर्फामुळे बंदच असतो. रेल्वेचे फाटक उघडे असले, तरी गाडी पूर्ण थांबवूनच रूळ ओलांडायचे, हा तेथील कायदा आहे आणि आपल्याकडील सवयीने तो सहज विसरला जातो.

लायसन्सबद्दल आणखी एक आठवले. पासपोर्टवर पतीचे आणि लायसन्सवर वडिलांचे नाव असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला पहिल्याच खेपेला सोबत न्यावा. परवाना एकच वर्ष चालतो, त्यामुळे तो फार आधी काढू नये; बॅकलॉगचा अर्ज मात्र प्रवास ठरण्याची वाट न पाहता आजच द्यावा, आणि पोच घेतल्याशिवाय आवक खिडकी सोडू नये.